ईदच्या सकाळची पहिली पुडी

रमजानचा चंद्र दिसला की विदर्भातल्या लहान गावांत एक गोष्ट मुकाट्याने घडते. तिची बातमी कधी होत नाही. एरवी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी गालात खर्रा दाबणारा माणूस पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत त्याला शिवत नाही. असे एकोणतीस किंवा तीस दिवस. डॉक्टरने तसे लिहून दिलेले नसते, घरच्यांनी शपथ घातलेली नसते. वर्षभर बायकोच्या, आईच्या, मुलांच्या विनवण्यांना जे जमले नाही ते एका नियतीवर होऊन जाते. नियत म्हणजे मनाशी केलेला इरादा.

आणि मग ईद येते. ईदगाहवरून नमाज पढून माणूस परततो, गळाभेट होते, शिरखुर्म्याच्या दोन वाट्या होतात आणि कुणीतरी खिशातून पुडी काढतो. महिनाभराची कमाई त्या चिमटीत निघून जाते.

पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. अशा शिवेवरच्या उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीला खर्रा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटलेले. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो जातपात, धर्म, शेतमालक, शेतमजूर काही पाहत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कनवटीला तो असतो आणि मास्तरांच्या ड्रॉवरमध्येही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधी सुपारी, मावा आणि खर्राही बंदीच्या आदेशात आले. आदेश कागदावर आहे आणि खर्रा टपरीवर आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांनी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे सांगितले. चारातला एक. विडी-सिगारेट ओढणारे त्यात थोडे, बहुतेक चघळणारेच. काही जण "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी" असे अभिमानाने सांगतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

त्याआधी येते ते तोंड मिटणे. सुरुवात तिखट झोंबण्यापासून होते. ठेचा नको वाटतो, मग साधी भाजीही जळजळते. गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते आणि तोंड दर वर्षी थोडे कमी उघडते. घरच्या घरी करायची तपासणी सोपी आहे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहायचे. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायचे, पुढच्या महिन्यात नव्हे, याच आठवड्यात. ही ताठरता पूर्णपणे मागे फिरत नाही, पण पुडी थांबली तर पुढे सरकण्याला आळा बसतो. पुढे सरकली तर काही जणांत तिचा कर्करोग होतो. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालता येत नाही म्हणून वरणात कुस्करून खाणारे चाळिशीतले पुरुष या भागात दुर्मीळ नाहीत.

म्हणून रमजानच्या या महिन्यात एक साधा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तेरा-साडेतेरा तास ज्याला जमते त्याला रात्री का जमत नाही, आणि तीस दिवस ज्याला जमते त्याला एकतिसाव्या दिवशी का जमत नाही?

इच्छाशक्ती कमी पडते, हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण ते चुकीचे आहे. मार्चच्या उन्हात, घोटभर पाणी न घेता, शेतात किंवा दुकानात दिवस काढणाऱ्या माणसाकडे इच्छाशक्ती कमी आहे असे कोण म्हणेल? रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत अर्धे होते. पहाटे सहरीच्या वेळी घेतलेल्या पुडीचा अंमल दुपार होईतो जवळपास उतरलेला असतो. असरच्या नमाजनंतर जी चिडचिड सुरू होते, घरातली माणसे "रोजा लागलाय, आता बोलू नका" म्हणून बाजूला होतात, त्यात भुकेइतकाच वाटा या तलफेचा असतो. म्हणजे रोजेदार तंबाखू सुटण्याचा त्रास रोज सोसतो. फक्त तो इफ्तारनंतर पुन्हा पुडी उघडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच त्रास पहिल्यापासून सोसायला घेतो. तंबाखू पूर्ण थांबवली तर हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. रोजेदार ती किंमत तीस वेळा मोजतो आणि माल एकदाही घरी नेत नाही.

दिवसा जमते त्याची कारणे पाहिली की बरेच कळते. फजरच्या आधी खाणे थांबते, मगरिबच्या अजानला सुटते, मध्ये घासाघीस नाही. "आज जरा कमी खाईन" असा रोजा नसतो. आजूबाजूचे सगळे त्याच नियमात असतात, त्यामुळे कुणी पुडी पुढे करत नाही. ढाणकीत तर हिंदू मित्रही रोजेदारासमोर पन्नी उघडताना जरा पाठ फिरवतो. ही लाज, हा लिहाज, हे औषधापेक्षा स्वस्त आणि बरेचदा जास्त गुणकारी असते. आणि नियत रोजची रोज करायची असते. पहिल्या दिवशी "आयुष्यभर सोडले" अशी गर्जना नसते. उद्याचा रोजा, एवढेच.

यातली सर्वांत शहाणी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती रोजा न धरणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. विसरून कुणी पाणी प्यायला तर आठवताच थांबायचे, रोजा तुटलेला नसतो. आजारपणाने, प्रवासाने रोजा राहून गेला तर नंतर तेवढेच रोजे भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. एक राहिला म्हणून महिना वाया गेला असे कुणी मानत नाही. आपल्या आरोग्याच्या संकल्पांचे नेमके उलटे होते. एक जानेवारीला सुरू केलेले फिरणे सात तारखेला पाहुणे आले म्हणून चुकते, आठला कंटाळा येतो आणि नऊला "यंदाही नाही जमले" असा निकाल लागतो. बूट पलंगाखाली जातात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय नेमकी किती दिवसांत लागते हे मोजायचे ठरवले. २०१० च्या त्यांच्या लेखात ९६ स्वयंसेवकांची १२ आठवड्यांची नोंद आहे. कुणी जेवणासोबत फळ खायचे ठरवले, कुणी पाणी प्यायचे, कुणी जेवणाआधी पंधरा मिनिटे पळायचे. आठवण न करता हात आपोआप तिकडे वळायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. कजाचा नियम ज्यांना माहीत आहे त्यांना या शेवटच्या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

आता सरळ हिशेब करा. रमजान २९ किंवा ३० दिवसांचा. सरासरी ६६. म्हणजे ईदच्या दिवशी माणूस अर्ध्या वाटेवरही पोहोचलेला नसतो, आणि नेमक्या त्याच दिवशी सगळा आधार एकदम काढून घेतला जातो. अजानची सीमा गेली, लिहाज गेला, रोजची नियत गेली. शिडी अर्ध्यात काढल्यावर माणूस खाली येतो यात त्याचा दोष तो किती!

श्रावण पाळणाऱ्यांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. श्रावणात दारू नाही, मटण नाही, काही घरांत कांदा-लसूणही नाही. पण आधी गटारी अमावास्येला कोटा भरून घेतला जातो आणि पोळ्याच्या करीला बांध फुटतो. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केली आहे. इफ्तारचे ताट पाहिले तर ती आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. दिवसभराचा संयम मगरिबनंतर भजी, समोसे, लाल सरबत आणि जिलेबीत बुडतो. महिन्याच्या शेवटी वजन वाढलेले रोजेदार प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण बयानात मान डोलावून ऐकली जाते. ताटावर बसल्यावर श्वासाचा हिस्सा आधी कापला जातो.

चातुर्मासाचा नेम धरणाऱ्या जुन्या बायका मात्र याबाबतीत हुशार होत्या असे म्हणावे लागते. त्यांचा नेम आषाढी ते कार्तिकी, सुमारे चार महिन्यांचा. लॅलीबाईंच्या ६६ पेक्षा जवळपास दुप्पट. आणि नेम लहान असायचा. एकच पदार्थ वर्ज्य करायचा, किंवा रोज एवढ्या प्रदक्षिणा. प्रदक्षिणा म्हणजे चालणेच की! थोडे का असेना, पण सातत्याने केलेले कृत्य अल्लाहला सर्वांत प्रिय, अशा अर्थाची हजरत आयेशा यांनी सांगितलेली हदीस आणि हा चातुर्मासाचा नेम, दोन्ही एकाच शहाणपणाकडे बोट दाखवतात.

तेव्हा खर्रा सोडू पाहणाऱ्या रोजेदाराने मुदत ईदपर्यंत धरूच नये. रमजान ईद ते बकरी ईद हे अंतर साधारण ६८-६९ दिवसांचे असते. रमजानचे दिवस मिळवले तर शंभराच्या आसपास. दिवसाचा खर्रा रमजानने सोडवलाच आहे. उरतात इफ्तारनंतरची आणि सहरीची पुडी. या दोन्ही शेवटच्या अशऱ्यात, म्हणजे अखेरच्या दहा दिवसांत बंद केल्या तर तलफेचे सर्वांत वाईट दोन-तीन दिवस रमजानच्या छायेतच निघून जातात. त्यानंतर शव्वालचे सहा रोजे आहेत. ईदनंतरच्या महिन्यात धरायच्या या सहा ऐच्छिक रोज्यांना आपल्याकडे वयस्कर माणसांचे काम समजले जाते. पण ईदनंतर शिडी एकदम न काढता पायरी पायरीने उतरवायची सोय म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर तिशीतल्या तरुणाला त्यांची जास्त गरज आहे.

नुसते "सोडणार" म्हणून भागत नाही, हेही तपासून झालेले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात दाखवले की कधी, कुठे आणि काय करायचे हे आधी ठरवलेला इरादा मोघम इराद्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा तडीला जातो. वाक्य "जर असे झाले तर मी असे करीन" या घडणीचे हवे. तरावीहनंतर मित्र टपरीकडे वळले तर मी घराकडे वळेन. तलफ आली तर लवंग तोंडात टाकीन आणि दहा मिनिटे चालेन. तलफेची लाट काही मिनिटांचीच असते, ती बसून सोसण्यापेक्षा चालत सोसणे सोपे जाते. बसमध्ये शेजाऱ्याने पुडी पुढे केली तर काय म्हणायचे, ते शब्दही ठरलेले हवेत. "नको, सोडला" हे दोन शब्द पुरतात; "आज नको" म्हटले की उद्या तो पुन्हा विचारतो.

पैशांचा हिशेबही मांडायला हरकत नाही. पुडी वीस रुपयांची धरली आणि दिवसाला पाच, तर महिन्याला तीन हजार, वर्षाला साडेछत्तीस हजार. सोयाबीनचा भाव पडला म्हणून हळहळणाऱ्या घरातून ही रक्कम दर वर्षी थुंकली जाते. रमजानमध्ये जकात, फितरा यांचा हिशेब होतोच, त्याच वहीत एक रकाना याचाही करावा.

एकट्याने सोडणे मात्र कठीण, हे गडचिरोलीने ओळखले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून तिथे 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे अभियान २०१६ च्या सुमारास उभे राहिले. त्यात व्यसनी माणसाला नुसता उपदेश करण्यावर भर नाही. गावाने एकत्र बसून विक्री बंद करायची, बायकांनी पाळत ठेवायची, सोडणाऱ्याला उपचार मिळवून द्यायचे, असे काम चालते. रमजान जे महिनाभर आपोआप करतो, म्हणजे माणसाच्या भोवतीची हवा बदलतो, तेच तिथे बारा महिने करायचा प्रयत्न आहे. डॉ. अभय बंग यांची स्वतःची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये, पंचेचाळिशीही पूर्ण झालेली नसताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आहार, चालणे, योग आणि ध्यान यांनी त्यांनी आपली दिनचर्या मुळापासून बदलली. त्यावरचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक गावोगावच्या वाचनालयांत हाताळून जीर्ण झालेले दिसते. किती वाचकांनी चालायला सुरुवात केली आणि किती अजून चालताहेत, तो हिशेब कुणाकडे नाही.

विदर्भाचेच आणखी एक उदाहरण. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोन वेळा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. आहारतज्ज्ञांचे त्यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. पण तो इतक्या घरांत टिकला कसा, हे पाहण्यासारखे आहे. नियम एका ओळीत सांगता येतो, घड्याळाने तपासता येतो आणि व्हॉट्सअॅपच्या गटात शेकडो माणसे सोबत असतात. कॅलरी मोजत बसायला सांगितले असते तर आठवड्यात वही हरवली असती.

मधुमेह असणाऱ्यांसाठी मात्र या सगळ्या उत्साहाला लगाम हवा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यातले रोजा धरणारे बरेच जण डॉक्टरला न विचारता गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात. तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेहींच्या २००१ च्या एका अभ्यासात रमजानमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण टाइप-२ रुग्णांत साडेसात पटींनी वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची शिफारस स्पष्ट आहे: साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तरीही या भीतीने तपासणी टाळणारे आहेत. आजाऱ्याला कुरआननेच सूट दिली आहे. ती नाकारण्यात बहादुरी कसली? कुणाला रोजा झेपेल आणि कुणाला नाही, हे रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरशी बोलून ठरवायचे असते, पहिल्या सहरीला नव्हे.

चालण्याबद्दल फार लिहायचे कारण नाही. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरावीहसाठी मशिदीत पायी जाणाऱ्याचे निम्मे काम झालेलेच असते. ईदनंतर तीच वेळ, तोच रस्ता, फक्त जेवणानंतरचे चालणे म्हणून चालू ठेवला तर नवे काही शिकावे लागत नाही. मोटारसायकल काढून फिरायला मैदानावर जाणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

नव्या सुरुवातीला तारीख लागते, यातही काही वावगे नाही. सण, वाढदिवस, महिन्याची पहिली तारीख, अशा दिवसांनंतर माणसे व्यायामाकडे जास्त वळतात, हे अमेरिकेतल्या व्हार्टनच्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले. आपल्याकडे तर अशा दिवसांची रेलचेल. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद लगेच ३१ ला आली होती. एका गल्लीत कडुनिंबाची पाने, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत शिरखुर्मा. त्या दोन दिवसांत दोन्ही गल्ल्यांतून मिळून किती संकल्प झाले असतील! टिकले त्यांची संख्या पाहायला मात्र दोन महिने थांबावे लागते. अमेरिकेतल्याच जॉन नॉरक्रॉस यांच्या १९८९ च्या अभ्यासात नववर्षाचा संकल्प आठवडाभर पाळणारे ७७ टक्के होते, दोन वर्षांनंतर १९ टक्के. आकडा लहान आहे, पण पाचातला एक माणूस खरोखर बदलला हेही त्यातच आहे.

खर्रा सोडताना मदत हवी असेल तर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. फोन केल्यावर समुपदेशक बोलतात, पुढेही विचारपूस करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारता येते. निकोटिनचे च्युइंग गम काहींना उपयोगी पडते, पण ते रात्रीपुरते. रोज्यात चालणार नाही.

आणि घरातल्या बायकांच्या हातात एक गोष्ट आहे. ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर शिरखुर्म्यानंतर जे तबक फिरते त्यात सुपारी असते, पान असते, काही घरांत गुपचूप त्याच्याही पुढचे असते. नमाजहून परतलेला माणूस तीस दिवसांनी पहिल्यांदा दिवसाउजेडी त्या तबकाकडे पाहत असतो. यंदा त्यात बडीशेप, खडीसाखर, वेलची आणि राहिलेल्या खजुरा ठेवल्या तर पाहुणे रागावणार नाहीत. खिशातली पुडी काढायला मग त्याला उठून बाहेर, रस्त्यापर्यंत जावे लागेल.